विश्लेषण : माणसाच्या शिकारीचा भयपट… घाबरायचे कोणाला?

भूत नाही, पुनर्जन्म नाही, मांत्रिकही नाही. काही धनाढ्य माणसे मौजेखातर दुसऱ्या माणसांना रानात सोडतात, थोडा वेळ देतात आणि मग बंदुका घेऊन त्यांच्या मागे निघतात. एवढ्याशा कथासूत्रावर गेली नव्वदहून अधिक वर्षे जगभर भयपट निघत आहेत. त्यांतले बरेचसे तुटपुंज्या पैशांत बनलेले असतात. आता ओटीटीमुळे ते थेट प्रेक्षकाच्या तळहातावर येऊन पोहोचले आहेत. कोकणात भयपट म्हटला की जुना वाडा, पिंपळ आणि अमावास्या हे ठरलेले असते. मात्र माणसाच्या शिकारीची मूळ कथा वाचली, की विजयदुर्गसारख्या सागरी किल्ल्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. हा प्रकार नेमका काय आहे, तो स्वस्तात का बनतो आणि त्यातला चांगला चित्रपट ओळखायचा कसा, याचा हा आढावा.

या कथेची सुरुवात कुठे झाली?

अमेरिकी लेखक रिचर्ड कॉनेल यांची ‘द मोस्ट डेंजरस गेम’ ही कथा १९२४ मध्ये ‘कॉलियर्स’ या साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. शीर्षकात श्लेष आहे. इंग्रजीत ‘गेम’ म्हणजे खेळ आणि ‘गेम’ म्हणजे शिकारीचे जनावरही. रेन्सफर्ड हा नामांकित शिकारी समुद्रात पडतो आणि पोहत एका बेटावर पोहोचतो. तिथे झारॉफ नावाचा उमराव त्याचे अगत्याने स्वागत करतो. उंची जेवण, उंची मद्य, सुसंस्कृत गप्पा. मग हळूहळू कळते, की वाघ-रानरेड्यांच्या शिकारीचा कंटाळा आलेला हा यजमान आता बेटावर येणाऱ्या माणसांची शिकार करतो. शिकार व्हायला नकार दिला तरी सुटका नाही.

कथेच्या आरंभी रेन्सफर्ड स्वतःच सहकाऱ्याला सांगत असतो, की जग शिकारी आणि सावज अशा दोन गटांत विभागलेले आहे आणि सावजाला काय वाटते याचा विचार करण्याचे कारण नाही. लवकरच तो स्वतः सावज होतो. कथेचा सगळा डंख या उलथापालथीत आहे. पुढे या प्रकारात शेकडो कथा-पटकथा आल्या, पण ज्यांना हा डंख कळला त्याच टिकल्या.

१९३२ मध्ये आरकेओ या स्टुडिओने या कथेवर चित्रपट काढला. अर्नेस्ट शूडसॅक आणि अर्व्हिंग पिचेल हे त्याचे दिग्दर्शक. चित्रपट जेमतेम तासाभराचा. झारॉफ ज्या किल्ल्यात राहतो तो पोर्तुगीजांनी बांधलेला आणि नंतर डागडुजी केलेला आहे, असे चित्रपटात दाखवले आहे.

विजयदुर्गशी त्याचा काय संबंध?

कथेतल्या बेटाचे नावच ‘जहाजांचा सापळा’ अशा अर्थाचे आहे. झारॉफ समुद्रात खोटे दिवे लावतो. तिथे सुरक्षित वाट आहे असे समजून जहाजे येतात, खडकावर फुटतात आणि वाचलेले खलाशी त्याच्या हाती लागतात.

विजयदुर्गच्या किनाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल. किल्ल्याच्या पश्चिमेला समुद्राच्या पोटात एक दगडी भिंत आहे. पाणबुड्यांच्या पाहणीत तिची लांबी सुमारे १२२ मीटर नोंदवली गेली. भरतीच्या पाण्यात ती वरून दिसत नाही. शत्रूची जहाजे किल्ल्याच्या रोखाने आली की तळ घासून फुटत, अशी परंपरेने सांगितली जाणारी हकीकत आहे. शिलाहार भोजाच्या काळापासूनचा हा किल्ला शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून घेतला, कान्होजी आंग्रे यांच्या काळात तो मराठा आरमाराचे बलस्थान झाला आणि १७५६ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला. तीन बाजूंना समुद्र, आत शिरणारी वाघोटनची खाडी, तिहेरी तटबंदी. एका अर्थाने हा किल्लाही जहाजांचा सापळाच होता.

फरक एवढाच, की विजयदुर्गची भिंत चालून आलेल्या शत्रूसाठी होती आणि झारॉफचे दिवे निव्वळ वाट चुकलेल्यांसाठी. लढाईत दोन्ही बाजूंना मरणाची शक्यता ठाऊक असते. शिकारीच्या खेळात एकाच बाजूला ती ठाऊक असते आणि नियमही तीच बाजू ठरवते. शिकारी सावजाला चाकू देतो, काही तासांची आघाडी देतो, ‘तीन दिवस वाचलास तर सोडून देईन’ असे वचनही देतो. या सगळ्याला तो खिलाडूपणा म्हणतो. या प्रकारच्या चित्रपटांतली खरी भीती रक्तापेक्षा या शब्दात आहे.

असे चित्रपट कमी पैशांत कसे बनतात?

१९३२ चा चित्रपट हा काटकसरीचा धडाच आहे. त्याच स्टुडिओत तेव्हा ‘किंग काँग’ या महागड्या चित्रपटाची तयारी चालू होती. त्यासाठी उभारलेले जंगल या चित्रपटाने वापरून घेतले. नायिका फे रे आणि अभिनेते रॉबर्ट आर्मस्ट्राँग हे दोघेही दोन्ही चित्रपटांत आहेत. एकाच झाडीतून एका चित्रपटात माणूस पळतो आणि दुसऱ्यात महाकाय वानर येतो.

या कथेला मुळात लागते तरी काय? एक रान, चार-सहा नट, दोन बंदुका आणि पळणारी माणसे. भूत दाखवायचे तर रंगभूषा आणि संगणकीय करामती हव्यात. इथे झाडामागची सळसळ, बुटाखाली मोडलेली काटकी आणि धापा टाकणारा आवाज पुरतो. ध्वनी नीट साधला तर निम्मे काम होते. रात्रीचे चित्रीकरण महाग पडते, म्हणून अनेक दिग्दर्शक शिकार भर उन्हात घडवतात. त्यातून भीती कमी न होता वाढते, कारण उजेडात लपायला जागा नसते.

काटकसरीच्या भयपटाची परंपरा महाराष्ट्रालाही नवी नाही. रॅमसे बंधूंनी १९७२ मध्ये ‘दो गज जमीन के नीचे’ काढला तेव्हा सगळे कुटुंबच युनिट होते. तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला, गंगू कॅमेऱ्याला, किरण ध्वनीला, अर्जुन संकलनाला आणि कुमार लेखनाला. सेट उभारण्याऐवजी मंडळी महाबळेश्वरला गेली आणि तिथल्या धुक्याने फुकटात काम केले. १९८४ च्या ‘पुराना मंदिर’ने या घराण्याच्या पद्धतीला मोठे यश मिळवून दिले.

सिंधुदुर्गाला तर काटकसरीतून भव्यता उभी करण्याची कला उपजतच अवगत आहे. दशावतारात एक बाकडे मांडले की राजदरबार होतो, तेच बाकडे पुढच्या प्रवेशात डोंगर होते. हार्मोनियम, पखवाज आणि झांज यांच्या साथीने संकासुर शिरला की पुढे बसलेली पोरे आजही आईच्या कुशीत शिरतात. भीती निर्माण करायला पैसा लागतो हा समज खोटा आहे, हे इथल्या कोणत्याही जत्रेला गेलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

आपल्याकडे असे चित्रपट आले का?

हिंदीत सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे सोहम शाह दिग्दर्शित ‘लक’ (२००९). नशीबवान माणसांना जीवघेण्या खेळांत उतरवायचे आणि जगभरच्या धनिकांनी त्यांच्या जगण्या-मरण्यावर पैज लावायची, असे त्याचे सूत्र. संजय दत्त, मिथुन चक्रवर्ती, इम्रान खान असा ताफा असलेला तो खर्चिक चित्रपट होता. थरार भरपूर होता, पण पैज लावणारी माणसे कोण आणि त्यांना हे का आवडते, याकडे त्याने फारसे पाहिले नाही. पुढे १२ वर्षांनी दक्षिण कोरियाच्या ‘स्क्विड गेम’ने कर्जबाजारी माणूस आणि मुखवटा घालून बघणारा श्रीमंत यांना समोरासमोर आणले आणि तो प्रश्न जगभर पोहोचला.

मराठीत पाठलागाची खरी दहशत दिसली ती विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’मध्ये (२०१७). एक गर्भवती स्त्री, उसाचे शेत, मधोमध एकाकी घर आणि मोजकी पात्रे. चारी बाजूंनी डोक्यापेक्षा उंच ऊस, त्यामुळे पळायला वाट सापडत नाही. इथे शिकार खेळासाठी नाही, मुलगाच हवा या हव्यासापोटी आहे. नाव मात्र मुलांच्या खेळाचे. पूजा सावंत आणि उषा नाईक यांच्या अभिनयावर उभा असलेला हा चित्रपट छोटा असूनही लक्षात राहिला, कारण त्यातले भूत घाबरवून गेले तरी खरा दोषी जिवंत माणूसच होता. याच दिग्दर्शकाने २०२१ मध्ये ‘छोरी’ या नावाने तो हिंदीत आणला.

मग चांगला आणि वाईट चित्रपट यांत फरक काय?

एकच कसोटी पुरेशी आहे. कॅमेरा कोणाच्या डोळ्यांनी पाहतो?

स्वस्तातले बरेच चित्रपट शिकाऱ्याच्या बंदुकीवरल्या दुर्बिणीतून बघतात. सावजांना नाव नसते, गाव नसते, घरी वाट पाहणारे कोणी नसते. कोण किती चमत्कारिक पद्धतीने मरतो, एवढीच उत्सुकता उरते. प्रेक्षक नकळत शिकाऱ्यांच्या मचाणावर जाऊन बसतो. जॉन वू यांच्या ‘हार्ड टार्गेट’मध्ये (१९९३) निदान शिकार कोणाची होते याला अर्थ होता. रस्त्यावर आलेले, ज्यांच्यामागे कोणी शोध घेणार नाही असे माजी सैनिक त्यात सावज होतात.

ब्राझीलच्या ‘बाकुराउ’ने (२०१९) हा खेळच उलटवला. दुष्काळी भागातले एक छोटे गाव अचानक नकाशावरून गायब होते, मोबाइलचे सिग्नल जातात आणि परदेशी शिकाऱ्यांची टोळी गावकऱ्यांना टिपायला येते. चित्रपटाचा पहिला भाग मात्र शिकाऱ्यांवर नाही. एका वृद्धेची अंत्ययात्रा, पाण्याचा टँकर, गावची डॉक्टर, शाळेतला मास्तर, मते मागायला येणारा पुढारी यांत तो रमतो. गावात एक लहान संग्रहालय आहे, जुन्या बंडातली शस्त्रे जपणारे. वेळ येते तेव्हा ती शस्त्रे भिंतीवरून उतरतात. शिकाऱ्यांनी नकाशा पुसला, पण गावाला स्वतःचा इतिहास पाठ होता. कान महोत्सवात या चित्रपटाला ज्युरी पुरस्कार विभागून मिळाला. ज्या गावाला किल्ला आहे, आरमार आहे आणि गोदीच्या आठवणी आहेत, त्या गावातल्या प्रेक्षकाला ‘बाकुराउ’ समजावून सांगावा लागणार नाही.

अमेरिकेत ‘द हंट’वरून वेगळेच रणकंदन झाले. उच्चभ्रू मंडळी राजकीय विरोधकांची शिकार करतात, असे त्याचे कथानक. ऑगस्ट २०१९ मध्ये एल पासो आणि डेटन इथे गोळीबारात माणसे मारली गेली आणि तत्कालीन अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनीही टीकेचा सूर लावला. प्रदर्शन पुढे ढकलले गेले आणि चित्रपट अखेर मार्च २०२० मध्ये आला. तो पाहून कोणी बंदूक उचलली असती असे नाही. पण ज्या समाजात गोळीबार रोजचा आहे, तिथे अशा खेळाकडे गंमत म्हणून पाहणे अवघड जाते, हे त्यातून दिसले.

हे सगळे काल्पनिकच आहे का?

दुर्दैवाने नाही. अलास्कातील रॉबर्ट हॅन्सन या बेकरीचालकाने स्त्रियांना दुर्गम रानात नेऊन, सोडून, पाठलाग करून मारले. १९८४ मध्ये त्याला शिक्षा झाली. असे विकृत गुन्हेगार विरळा असतात. त्याहून अस्वस्थ करणारे उदाहरण आपल्या राज्यातले आहे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा इथे भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. आठवडी बाजाराचा दिवस होता. मारहाणीची चित्रफीतही मोबाइलवरूनच पसरली. तिथे कोणी उमराव नव्हता आणि बेटही नव्हते. मात्र आधी माणसाचे नाव काढून घेणे, मग त्याला ‘टोळी’ म्हणणे, मग पाठलाग आणि भोवती बघ्यांचा घोळका, हा क्रम चित्रपटातलाच होता.

पारधी समाजाचा इतिहास तर या कथेची क्रूर उलटापालट आहे. पारध म्हणजे शिकार, आणि तोच ज्यांचा परंपरागत व्यवसाय, ती माणसे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या छायेत अशा अनेक समाजांवर जन्मतः गुन्हेगार असल्याचा शिक्का बसला. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण गावात चोरी झाली की पहिला संशय पालावर जाणे थांबले नाही. शिकारी म्हणून ओळखले जाणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या सावजाचे जिणे जगत आले. या विषयावर भयपट काढायचा तर त्यात भूत घालण्याची गरज नाही.

कोकणाचे चित्रण भुतांपुरतेच का उरते?

२०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेने सिंधुदुर्गातील आकेरीचा वाडा घराघरांत पोहोचवला. मालवणी बोली आणि स्थानिक कलाकार यांना मोठे व्यासपीठ मिळाले, वाडा बघायला पर्यटक येऊ लागले. त्याच वेळी कोकणाची बदनामी होते आणि अंधश्रद्धेला खतपाणी मिळते, असा आक्षेपही घेतला गेला. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

बाहेरचा कॅमेरा कोकणात आला की त्याला काय दिसते, याचे बोलके उदाहरण म्हणजे गावपळण. मालवण तालुक्यात आचरा, चिंदर, वायंगणी या गावांत दर काही वर्षांनी देवाच्या कौलाने सगळे गाव गुराढोरांसह वेशीबाहेर जाऊन राहते. ओसाड गाव, बंद दारे आणि शांतता ही दृश्ये भयपटाला आयती मिळतात. वेशीबाहेरचे दृश्य मात्र निराळे असते. झोपड्या उभ्या राहतात, चुली पेटतात, भजने रंगतात, मुलांना शाळेची कटकट नसते. गावासाठी तो एकत्र राहण्याचा काळ असतो. कॅमेरा रिकाम्या घरांकडे वळतो की भरलेल्या राहुट्यांकडे, यावर चित्रपटाची जात ठरते.

खरी भीती कोकणच्या रानात आहेच. रानडुकरे शेती उद्ध्वस्त करतात, रात्री बंदुका निघतात. झुडपात हालचाल दिसली, डुक्कर समजून गोळी झाडली आणि सोबतचाच माणूस गेला, अशा बातम्या अधूनमधून येत असतात. अंधारात माणूस आणि जनावर यांतला भेद पुसला जाण्याचा तो एक क्षण, त्यानंतर गप्प झालेली वाडी, पोलिसांना काय सांगायचे याची कुजबुज. देवगडच्या सड्यावर, कातळ आणि कलमांच्या बागांत घडणारी ही गोष्ट कुठल्याही हडळीपेक्षा जास्त झोप उडवील.

विजयदुर्गावर असा चित्रपट काढता येईल का?

विजयदुर्ग हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीतले संरक्षित स्मारक आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत त्याचा समावेश आहे. त्यामुळे तटावर चित्रीकरणासाठी रीतसर परवानगी, शुल्क आणि अटी आल्या. कमी बजेटच्या निर्मात्याला हे जड वाटेल, पण ते योग्यच आहे. रंगाचे डाग, ठोकलेले खिळे आणि धुराची यंत्रे यांनी जुन्या चिऱ्यांचे झालेले नुकसान कोणत्याही पटकथेने भरून येत नाही. किल्ला दुरून दाखवून कथा आसपासच्या सड्यावर आणि खाडीकाठी घडवणे हा स्वस्त आणि शहाणपणाचा मार्ग आहे.

दुसरा अडथळा प्रमाणपत्राचा. २०२४ पासून सेन्सॉर मंडळाच्या ‘यूए’ वर्गात ७, १३ आणि १६ वर्षांपुढील असे टप्पे आले आहेत. रक्तपात वाढला की ‘ए’ प्रमाणपत्र मिळते आणि दूरचित्रवाणीचे दार बंद होते. छोट्या निर्मात्यासाठी हे हक्क म्हणजे जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो. म्हणजे हिंसा सूचित करणे, ती पडद्याबाहेर ठेवणे हे कलेच्याच नव्हे, व्यवहाराच्या दृष्टीनेही फायद्याचे आहे.

उरतो प्रेक्षक. ओटीटीवर पूर्ण चित्रपट पाहणारे थोडे आणि त्यातले ३० सेकंदांचे मारहाणीचे तुकडे फिरवणारे पुष्कळ, अशी आजची स्थिती आहे. तुकड्यात सावजाचे नाव येत नाही, त्याचे गाव येत नाही. उरतो तो फक्त नेम आणि पडणारे शरीर. राईनपाड्याची चित्रफीत पुढे पाठवणाऱ्यांच्या पडद्यावरही तेवढेच उरले होते.

कमी पैसा हा भयपटाचा दोष नाही. बाकड्यावर दरबार उभा करणाऱ्या मुलखाला ते सांगायला नको. दोष तेव्हा निर्माण होतो, जेव्हा पडद्यावर पळणाऱ्या माणसाला नावही दिले जात नाही आणि प्रेक्षकाला त्याची उणीवही भासत नाही. माणसाच्या शिकारीचा चांगला भयपट प्रेक्षकाला मचाणावरून खाली उतरवतो आणि रानात, धापा टाकत, त्या माणसाच्या शेजारी उभे करतो. विजयदुर्गच्या किनाऱ्यावर कोणी असा चित्रपट काढलाच, तर त्याने आधी सावज ज्या वाडीतून आले तिथे जाऊन त्याच्या घरच्यांशी प्रेक्षकाची ओळख करून द्यावी. बंदूक नंतर दाखवली तरी चालेल.